हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (रोड सायकल)

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक ही सायकलच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेली चकती द्रवाच्या दाबाने दोन्ही बाजूंनी आवळून वेग कमी करणारी ब्रेक यंत्रणा आहे. स्रॅम व शिमानो या कंपन्यांनी २०१३ मध्ये रोड सायकलच्या वळणदार हँडलसाठी असे ब्रेक बाजारात आणले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने (यूसीआय) जुलै २०१८ पासून रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेकला पूर्ण मान्यता दिली.

कार्यपद्धती

ही यंत्रणा पास्कलच्या नियमावर आधारलेली आहे. लिव्हर ओढल्यावर त्यातील लहान दट्ट्या द्रवावर दाब देतो. हा दाब नळीतून कॅलिपरमधील मोठ्या दट्ट्यांपर्यंत पोहोचतो व तेथे बल वाढते. पॅड झिजत गेले तरी दट्ट्या आपोआप पुढे सरकतो. रिम ब्रेकचे रबरी पॅड भिजलेल्या रिमवर उशिरा पकड घेतात. त्यामुळे पावसाळ्यात बोरघाट किंवा अजिंठा घाटासारख्या उतारांवर डिस्क ब्रेकचा लाभ विशेष जाणवतो.

जुन्या सायकलची योग्यता

केवळ ब्रेक विकत घेऊन हा बदल होत नाही. फ्रेम व फोर्क (पुढचा चिमटा) यांवर कॅलिपरसाठी कारखान्यातच दिलेल्या बैठका असाव्या लागतात. हबवर चकती बसवण्याची सोयही आवश्यक असते. रिम ब्रेकच्या रोड सायकलमध्ये मागील हबची रुंदी सहसा १३० मिलिमीटर, तर डिस्क ब्रेकच्या सायकलमध्ये १३५ किंवा १४२ मिलिमीटर असते.

बैठक नसलेल्या फोर्कला पट्टी आवळून कॅलिपर बसवणे धोकादायक आहे. डिस्क ब्रेकचा ताण फोर्कच्या खालच्या टोकाजवळ एकाच बाजूस येतो. रिम ब्रेकसाठी घडवलेला फोर्क त्या ताणासाठी बनवलेला नसल्याने वाकू किंवा तुटू शकतो.

कमी खर्चाचे पर्याय

रोड सायकलमध्ये ब्रेक व गिअर यांचे लिव्हर एकत्र असतात. पूर्ण हायड्रॉलिक संच घेताना गिअरचे लिव्हरही बदलावे लागतात व ते डिरेलर आणि गिअरच्या संख्येशी जुळावे लागतात. खर्च वाढण्याचे हे मुख्य कारण आहे.

तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आधीपासून असल्यास तारेने चालणारा हायड्रॉलिक कॅलिपर हा तुलनेने स्वस्त पर्याय ठरतो. टीआरपी कंपनीचा ‘एचवाय/आरडी’ हे त्याचे उदाहरण होय. यात जुने लिव्हर व तार कायम राहतात आणि द्रव फक्त कॅलिपरमध्ये असतो. दोन्ही पॅड एकाच वेळी सरकतात. मात्र तारेचे घर्षण उरतेच. कॅलिपर निवडताना तो रोड लिव्हरच्या कमी तार ओढण्याच्या प्रमाणाशी जुळणारा असावा लागतो.

सायकल मूळची रिम ब्रेकची असल्यास फ्रेम, फोर्क व चाके बदलण्याचा खर्च बहुधा परवडत नाही. अशा वेळी चांगल्या प्रतीचे पॅड, नवी तार व न दबणारे आवरण हाच सुरक्षित व किफायतशीर मार्ग असतो.

देखभाल

शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल, तर स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट द्रव वापरतात. एकाच्या जागी दुसरा भरल्यास आतील रबरी सील खराब होऊन ब्रेक निकामी होऊ शकतो. चकती व पॅड यांना तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये. दाबल्यास पॅड एकमेकांजवळ येतात व चाक पुन्हा बसत नाही. नवे पॅड बसवल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन तो हळूहळू कमी करण्याची क्रिया अनेकदा करावी लागते. त्यानंतरच ब्रेक पूर्ण पकड घेऊ लागतात. तोपर्यंत घाटात उतरणे टाळावे.