वाफ ते थेंब (९) : हरभऱ्यावरची आंब

गेल्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव घेऊन थांबलो होतो आणि या आठवड्यात त्यांच्याकडे जायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो आहे. उमरेडकडच्या एका वाचकाचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न चार दिवस डोक्यातून गेलेला नाही. कोराडीच्या वीजकेंद्राबद्दल मी आधी लिहिले होते, त्यावर ते लिहितात, "कोराडीच्या कंडेन्सरमध्ये वाफेचं पाणी कसं होते ते समजलं. आमची आजी हरभऱ्यावरून आंब धरे. ते बी कंडेन्सेशनच होय काय?"

शहरातल्या वाचकांना आधी आंब सांगायला हवी. पौषात हरभरा फुलावर येऊन घाटे धरू लागला की संध्याकाळी पिकावर पातळ, धुवट धोतर पसरायचे. पहाटे ऊन चढायच्या आत ते उचलून पिळायचे. जे पाणी निघते ते असे आंबट, की जिभेला नुसते लावले तरी दात आंबतात. धातूच्या भांड्यात ते ठेवत नाहीत. काचेच्या बाटलीत नाहीतर चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवतात आणि पोट दुखले, अजीर्ण झाले की पाण्यात थोडे घालून देतात.

उत्तर असे : अर्धे होय. धोतरातले पाणी हवेतल्या वाफेचे, आंबटपणा हरभऱ्याचा. हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर, घाट्यांवर बारीक लव असते आणि त्या लवेतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल स्रवते. घाटेअळीला आवर घालण्यात त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाचा वाटा असतो. रात्री पानांवर दव धरले की आम्ल त्यात उतरते आणि धोतर ते टिपून घेते. आजीचे ते धोतर म्हणजे कंडेन्सर नव्हे. कंडेन्सर होते ते पान, आणि पानाला थंड करणारे आकाश.

हा 'आकाश' शब्द मी मुद्दाम वापरला. दव 'पडले' असे आपण म्हणतो, पण पाऊस पडतो तसे दव पडत नाही. ते आकाशातून उतरते की जमिनीतून वर येते, यावर फार जुना वाद होता. लंडनचे एक डॉक्टर, विल्यम चार्ल्स वेल्स, रात्र रात्र बागेत जागून तो वाद मिटवू पाहत होते. लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ते वेगवेगळ्या जागी ठेवत आणि नंतर तोलून पाहत. उघड्यावरचा पुंजका जड होई, फळीखालचा त्या मानाने थोडाच भिजे. निरभ्र, निवांत रात्री दव भरपूर. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री जेमतेम. १८१४ साली त्यांनी दवावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातला खरा शोध क्रमाचा आहे : दव पडते म्हणून पान गार होत नाही, पान आधी गार होते, मग दव धरते. निरभ्र रात्री पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकत राहते, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि त्याला टेकलेली हवा दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्याच्या, खाली जाते. वर ढग असेल, झाडाची फांदी असेल, नाहीतर नुसते छप्पर असेल, तर तीच उष्णता परत मिळते आणि पान कोरडे राहते.

वेल्सच्या लोकरीचे काम आमच्याकडे कापूस करतो. दव सुकल्याशिवाय वेचणीला हात घालायचा नाही, हे विदर्भात लहान पोरालाही ठाऊक असते. ओला कापूस गंजीत पिवळा पडतो, आणि काट्यावर जड भरला तरी भावात मार खातो. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापत जाते, आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेतच नाही. दवबिंदूचा इतका रोकडा हिशेब दुसऱ्या कुठल्या पिकाला क्वचितच मोजावा लागत असेल.

शेतात पान आहे, बोंड आहे, धोतर आहे. वर हवेत काय आहे? तिथे वाफ कशावर धरते? मला या सगळ्या विषयात सर्वांत प्रिय असलेला प्रश्न हाच.

प्लास्टिकच्या बाटलीत दोन चमचे कोमट पाणी घ्या, झाकण लावून हलवा, बाटली दाबा आणि एकदम सोडा. हवा प्रसरण पावते, गार होते, आणि तरी फारसे काही दिसत नाही. आता एक काडी पेटवून विझवा, तिचा धूर आत जाऊ द्या आणि तेच पुन्हा करा. बाटली दुधासारखी पांढरी होते. पुन्हा दाबली की स्वच्छ, सोडली की पांढरी. नववीच्या वर्गात हे मी कितीदा केले असेल याची मोजदाद नाही, आणि दरवेळी शेवटच्या बाकावरची मुले उठून पुढे आली आहेत. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये कूलिए यांनी आणि पुढे स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन यांनी काचेच्या भांड्यांत हेच पाहिले : धूळ गाळून काढली की धुके होत नाही. वाफेचे चार रेणू एकत्र आले तरी इतक्या लहान थेंबाचा पृष्ठभाग फार वक्र असतो आणि तो लगेच उडून जातो. त्याला बसायला एखादा परका कण लागतो : मिठाचा, धुळीचा, धुराचा. सी. टी. आर. विल्सन यांनी धूळ पूर्ण काढलेल्या हवेत पाहिले, तर दाट धुके धरायला हवेत मावेल त्याच्या जवळजवळ आठपट वाफ कोंबावी लागली. खऱ्या ढगात एक टक्का जादा वाफही सहसा लागत नाही, कारण कण हजर असतात.

इथे रामटेक आठवल्याशिवाय राहत नाही. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, ही बाजू नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडली. त्या काव्याच्या आरंभी कालिदास मेघ कशाचा झाला आहे ते सांगतो, आणि घटकांची त्याची मोजणी सुरू होते ती धुरापासून. कालिदासाला एटकेन ठाऊक होता असे मी म्हणणार नाही. ढगाचा धुराशी संबंध जोडणारी समजूत जुनी आहे. पण शाळेच्या पुस्तकांत ढगाची व्याख्या करताना आपण पाणी आणि गारवा सांगून मोकळे होतो, कण विसरतो. कालिदास विसरला नाही.

धूर जास्त झाला तर मात्र बिघडते. तेवढेच पाणी फार कणांत वाटले जाते, थेंब बारीक राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. पावसाच्या एका थेंबाला ढगातले सुमारे दहा लाख थेंब लागतात. ते जुळलेच नाहीत तर ढग येतो आणि निघून जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या आकाशात विमानाने पाणी ओढणारे क्षाराचे कण सोडले, ते मोठे थेंब लवकर तयार व्हावेत म्हणून.

हे सगळे लिहिताना मला लेखनाची आठवण होत राहिली, आणि तिथे एका शब्दाशी माझे भांडण आहे. इंग्रजीतला 'कंडेन्स' हा शब्द दोन उलट्या क्रियांना वापरतात. डब्यातल्या कंडेन्स्ड मिल्कमध्ये कंडेन्सेशन काहीच झालेले नसते. दुधातले पाणी उडवून दिलेले असते. मराठीत याला 'आटवणे' म्हणतात. विखुरलेले एका जागी येऊन थेंब धरणे याला जुना शब्द 'साकळणे'. दोन क्रिया, दोन क्रियापदे, आणि आपण दोन्हींवर 'संक्षेप' चिकटवतो.

परीक्षेतले सारांशलेखन हे आटवणे आहे : उतारा एकतृतीयांश करायचा, पाणी काढायचे. गझलेचा शेर म्हणजे साकळणे. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी'मध्ये नव्या कवींना शिकवले ते हेच, की दोन ओळींचा शेर स्वतःपुरती पूर्ण कविता असतो. दहा ओळी कापून दोन उरवलेल्या नसतात; काफियाच्या एका कणाभोवती अनेक दिवसांचे काही एकदम धरलेले असते. ज्या लेखात पन्नास कण असतात तो लेख धुके होऊन राहतो, त्यातून थेंब पडत नाही.

फ्रॉइडच्या ज्या संज्ञेला इंग्रजीत कंडेन्सेशन म्हणतात तिला मराठीत 'संक्षेपण' म्हटलेले मला म्हणूनच चुकीचे वाटते. १९०० साल छापलेल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात त्याने स्वतःचे जुलै १८९५ चे स्वप्न तपासले आहे. त्यातली इर्मा ही रुग्ण एकटी नाही : तिच्यात तिची मैत्रीण आहे, दुसरी एक रुग्ण आहे, फ्रॉइडची पत्नी आहे, मुलगी आहे. कुणी गाळले गेलेले नाही, सगळ्या एका चेहऱ्यावर साकळल्या आहेत. आणि स्वप्नाच्या शेवटी ठळक अक्षरांत दिसते ते ट्रायमिथिलॅमिन या रसायनाचे सूत्र. धाग्यांवर धागे येऊन मिळतात तो हा कण. स्वप्न पाऊण पानाचे, उलगडा अनेक पानांचा. आटवलेल्या उताऱ्यातून मूळ उतारा परत निघत नाही, स्वप्नातून निघतो. म्हणून इथे 'संघनन' म्हणा, नाहीतर सरळ 'साकळणे' म्हणा.

उमरेडच्या वाचकांना आणि ज्यांच्या शेतात सध्या हरभरा उभा आहे त्या सगळ्यांना एक विनंती. निरभ्र रात्री सारख्या वजनाचे कापसाचे दोन पुंजके घ्या, एक उघड्यावर ठेवा, एक खाटेखाली. पहाटे बारीक वजनाच्या काट्यावर दोन्ही तोला आणि आकडे मला लिहून कळवा. सोबत तुमच्या गावात दवाला काय म्हणतात तो शब्दही लिहा. बोस पुढच्या आठवड्यात.