कॅल्शियमची गोळी कोणाच्या हाडाला लागू पडते?

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या एका अंगाला सावंगी, दुसऱ्या अंगाला सेवाग्राम. मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर, तरी गुडघा कुरकुरला की आधी औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची डबी येते. ती प्रत्येकाला सारखी उपयोगी नाही.

पुण्यातला लाडू

गरीब घरांतल्या ६० चिमुकल्यांवर पुण्यात झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या लाडवातून रोज ४०५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळे, बाकीच्यांच्या १५६. ड जीवनसत्त्व सगळ्यांना सारखंच. वर्षभरात पहिल्या गटाच्या हाडांतलं खनिज ३५ टक्के वाढलं, दुसऱ्याचं २८. मुलं वाढत्या वयाची, म्हणून वाढ दोन्हीकडे दिसणारच. पण ज्यांच्या ताटातच कमतरता होती, त्यांना जादा कॅल्शियम कामी आलं.

पोट भरलेलं असेल तर?

अमेरिकेत ३६,२८२ प्रौढ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेऊन सुमारे सात वर्षांत खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एक टक्का सरस निघाली. खुबा मोडण्याचं प्रमाण घटलं, असं ठामपणे म्हणता आलं नाही. मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. उन्हाळ्यात घामाने निथळणाऱ्या वऱ्हाडी माणसाने हा आकडा विसरू नये. चाचणीतल्या बऱ्याच जणींच्या आहारात कॅल्शियम आधीच पुरेसं होतं. याउलट फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या, ऊन न लागणाऱ्या आजीबाईंमध्ये अशाच पूरकांनी खुबा मोडण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं (१९९२).

६०,००० युनिटांची पुडी

ही ड जीवनसत्त्वाची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. ‘बरं वाटतं’ म्हणून वर्षानुवर्षं चालू ठेवणं धोक्याचं. एकदम मोठी मात्राही बरी नाही: ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, तर पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं.

ताट आणि वेळ

प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली ज्वारी इथे तोकडी पडते: १०० ग्रॅममध्ये तीस मिलिग्रॅमच्या आतच, नाचणीत साडेतीनशेच्या वर. दूध, दही, तीळ यांची जोड हवीच. गोळी घ्यायची ठरली, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि गरोदर बाईने लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवून घ्यावी. एकत्र घेतल्यास लोह नीट शोषलं जात नाही.