दार पुढून, हवा आडवी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये अ‍ॅक्रिलिकचं काम करणारे छोटे गाळे बरेच आहेत. दुकानाच्या पाट्या, ट्रॉफ्या, देवघरं, बिल्डरच्या मॉडेलवरची झाकणं असा त्यांचा रोजचा माल. माझ्या भाच्याने वहीच्या पानावर काढून दिलेली आकृती अशाच एका गाळ्याच्या मालकांनी उलटसुलट करून पाहिली. सहा बाय सहा इंच, उंची दहा.

"फिश टँक उभा नसतो, भाऊ."

"मासे नाहीत ओ काका, कोळी आहे. झाडावरचा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, बरोबर आलेल्या वडीलधाऱ्याकडे पाहावं तसं. मी मान डोलावली. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि मुद्द्याचं विचारलं, "दार कुठे?"

सगळी मेख तिथेच आहे. भाच्याकडचा टॅरँटुला दक्षिण अमेरिकेतला, काळ्या अंगाचा आणि गुलाबी बोटांचा. लहानपणी याच्या उलट असतं, पाय गुलाबी आणि टोकं काळी; वाढता वाढता रंगांची अदलाबदल होते. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरीनाममध्ये पाहिलेला असाच कोळी १७०५ साली हमिंगबर्ड खाताना रंगवला. पुढे १७५८ मध्ये लिनियसने त्याचं शास्त्रीय नाव पक्ष्यावरूनच ठेवलं. वागळे इस्टेटमधला हा वंशज मात्र सुपरवर्मवर जगतो. अरोवाना मासा पाळणाऱ्यांमुळे त्या अळ्या सहज मिळतात. घरातलं झुरळ वर्ज्य, कारण त्याने कुठे कोणतं औषध चाटलंय ते सांगता येत नाही.

झाडावरचा कोळी घर बांधतो ते वरच्या कोपऱ्यात, जाड रेशमी नळीसारखं. वरून झाकण उघडलं की त्याचं घरच फाटतं. म्हणून पिल्लू जरा मोठं झाल्यावर भाच्याने त्याला पालथ्या बरणीत ठेवलं होतं: झाकण खाली, त्यावर कोकोपीट, आणि बरणीचा तळ म्हणजे कोळ्याचं छत. साफसफाईला बरणी फिरवून उचलायची, कोळी नळीसकट वरच राहतो. जुगाड चांगलाच होता. पण आता पाय पसरले की त्याला बरणी पुरेना. नव्या खोक्याला दार पुढून हवं, आणि तेही तळापासून दोन-तीन इंच सोडून, म्हणजे उघडताना कोकोपीट सांडत नाही.

दुसरा वाद भोकांचा. काका म्हणाले, वर पाडून देतो, छान दिसतील. भाचा अडून बसला: एका बाजूला खाली, समोरच्या बाजूला वर. हवा आडवी वाहायला हवी. हा कोळी पावसाळी जंगलातला, तेव्हा त्याला सतत ओलं ठेवायचं असं नव्या लोकांना वाटतं, आणि बंद ओलसर डबीत पिल्लं मरतात. ठाण्याच्या पावसाळ्यात तर पाणी फवारायची गरजच नसते. कोंडलेल्या हवेत कोकोपीटवर बुरशी धरते, तीच भीती. पाण्याची छोटी वाटी पुरते. भोकं दोन मिलिमीटरची, लेझरने. ड्रिलने अ‍ॅक्रिलिकला तडा जातो. भोकं याहून मोठी नकोत, कारण कोळ्याचं पोट दबतं, पण डोक्याकडचं कडक कवच दबत नाही. ते जिथून जाईल तिथून कोळी जातो.

जोडकाम मी उभा राहून पाहिलं. पत्र्यांवरचा संरक्षक कागद सोलला, कडा काटकोनात धरल्या आणि इंजेक्शनच्या सुईने सांध्यावर क्लोरोफॉर्म सोडला. तो फटीत आपोआप ओढला जातो, अ‍ॅक्रिलिक विरघळवतो आणि उडून जातो. सांधा काचेसारखा स्वच्छ होतो. त्याचा वास मात्र रेंगाळतो, म्हणून खोका बरेच दिवस गॅलरीत उघडा राहिला. माझ्या मते या सगळ्या छंदात सर्वांत कठीण काम हेच, रिकामा खोका समोर असताना थांबणं.

हलवाहलव बाथरूममध्ये झाली. पंखा बंद, मोरीची जाळी झाकलेली. भाच्याने रंगकामाच्या मऊ ब्रशने मागच्या पायांना स्पर्श केला. कोळी आधी मागे वळला आणि त्याने विष्ठेची पिचकारी नेम धरून मारली, मग एकदम उडी घेऊन समोर धरलेल्या डबीत. एवढं झालं की त्याला नव्या खोक्यातल्या बांबूच्या फाकेवर सोडायचं आणि आठवडाभर बघायलाही जायचं नाही.

सह्याद्रीतही झाडावरचे देखणे टॅरँटुला आहेत, पोसिलोथेरिया या प्रजातीतले. त्यांचा दंश या पाहुण्यापेक्षा कितीतरी त्रासदायक, स्नायूंना पेटके आणणारा. ही सगळी प्रजाती २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. ठाण्याला लागून असलेलं येऊरचं जंगल तर राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, तिथून काही उचलायचा प्रश्नच नाही. परदेशी कोळ्यांच्या बाबतीतही कागद बघावे लागतात. २०२१ मध्ये चेन्नईत पोलंडहून आलेल्या पार्सलमध्ये १०७ जिवंत कोळी सापडले होते, छोट्या कुप्यांमध्ये, चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेले. भाच्याकडचं पिल्लू इथेच पैदास झालेलं, पावतीसकट घेतलेलं. ती पावती त्याने माझ्याही फोनवर पाठवून ठेवली आहे.

सध्या कोळ्याने खाणं सोडलंय आणि नळीचं तोंड रेशमाने बंद केलंय, म्हणजे कात टाकायची तयारी. आत अळी राहिली असेल तर लगेच बाहेर काढावी लागते, कारण त्या अवस्थेत अळीच कोळ्याला चावू शकते. नवे सुळे आधी पांढरे असतात, मग लाल, मग काळे. काळे झाल्याशिवाय खाऊ नाही. टाकलेली कात पाण्यात साबणाचा थेंब घालून मऊ करायची आणि पोटाकडचा भाग भिंगाखाली पसरून पाहायचा. मादी असेल तर तिथे शुक्राणू साठवायची पिशवी दिसते. नर दोन-चार वर्षांचा, मादी दशकभराचीही सोबत करते. काका आठ बाय आठ बाय बाराचा शेवटचा खोकाही आत्ताच कापून द्यायला तयार होते, सवलतीत. भाच्याने कातीचा निकाल लागेपर्यंत थांबायला सांगितलंय.