फ्रेंच शिकायचं म्हटलं की डोळ्यांसमोर आयफेल टॉवर येतो. खरं तर एरंडवण्याची पटवर्धन बाग किंवा चर्चगेटजवळचं न्यू मरीन लाइन्स यायला हवं. पुण्याची आणि मुंबईची 'आलियाँस फ्राँसेज' ही फ्रेंच शिकवणारी संस्था तिथे आहे, आणि निम्म्याहून अधिक गंमत तिथेच सुरू होते. ही भाषा एकट्याने पुस्तक उघडून शिकण्यापेक्षा चार जणांत बसून, चुका करत, मध्येच केक खात शिकली तर लवकर अंगात मुरते असं आमचं ठाम मत आहे. पुढची सगळी माहिती त्या मताच्या समर्थनार्थ. क्रम मात्र लागेल असा नाही.

कमिटी कुणाची, तर पाश्चरची!

आलियाँस पॅरिसमध्ये २१ जुलै १८८३ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या मंडळींची नावं वाचा: सूक्ष्मजंतूवाला लुई पाश्चर, सुएझ कालवा खोदवणारा फर्दिनां द लेसेप्स, ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घडवणारा ज्यूल व्हर्न. शास्त्रज्ञ, कालवेवाला आणि कादंबरीकार एका सतरंजीवर. एवढी खटपट कशासाठी? १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला चांगलंच लोळवलं होतं. तोफांनी गेलेली पत भाषेने परत मिळवावी असा विचार होता.

दुसऱ्याच वर्षी बार्सिलोनात आणि मॉरिशसमध्ये शाखा निघाली, पाँडिचेरीत १८८९ साली. मुंबईचा नंबर १९३८ मध्ये लागला. आज जगभरात अशी ८०० हून अधिक केंद्रं आहेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. यातलं प्रत्येक केंद्र त्या-त्या देशाच्या कायद्याखाली नोंदलेली स्थानिक संस्था असते. मुंबईची किंवा पुण्याची आलियाँस म्हणजे फ्रेंच सरकारचं कार्यालय नव्हे. ती इथली ना-नफा संस्था आहे, तिची कार्यकारिणी आहे, सभासद आहेत. फ्रान्सकडून मदत मिळते, संचालक बहुधा तिकडून येतात, पण गाडा स्थानिक लोक ओढतात. थोडक्यात, मंडळच. मुंबईच्या मंडळाच्या नावात तर अजूनही 'बॉम्बे' आहे, त्यामुळे दारातून आत गेलं की थोडं जुन्या शहरात गेल्यासारखं वाटतं.

चार विसा आणि दहा

पहिला धक्का आकड्यांचा बसतो. साठपर्यंत सगळं सुरळीत चालतं. सत्तर आलं की फ्रेंच माणूस म्हणतो 'साठ-दहा'. ऐंशी म्हणजे 'चार-वीस'. नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. आणि नव्याण्णव? 'चार-वीस-दहा-नऊ'. फोन नंबर लिहून घेताना विद्यार्थी 'साठ' लिहितो आणि मागून 'बारा' येतं, की झाली खाडाखोड.

हे सगळं विसांनी मोजण्याच्या जुन्या पद्धतीचं शेपूट आहे. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात राजा नववा लुई याने ३०० अंधांसाठी रुग्णालय काढलं. त्याचं नाव 'काँझ-व्हाँ', म्हणजे 'पंधरा-वीस'. पंधरा गुणिले वीस, तीनशे. रुग्णालय आजही चालू आहे, डोळ्यांचंच, नावासकट.

मराठी माणसाने यावर फार कुरकुर करू नये. आपल्याकडच्या आज्या 'तीन विसा', 'चार विसा' असंच मोजत आल्या आहेत. शिवाय ज्याने लहानपणी एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे न अडखळता पाठ केलं, त्याला 'चार-वीस-दहा-नऊ' हा तर सोपा हिशोब! ज्यांना तेवढाही नको, त्यांनी बेल्जियम किंवा स्वित्झर्लंड गाठावं. तिथले फ्रेंचभाषक सत्तर आणि नव्वदसाठी सरळ, सुटसुटीत शब्द वापरतात आणि पॅरिसकरांना हसतात.

मिशीचं लिंग

इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला टेबल पुरुष की बाई हा प्रश्न छळतो. मराठी माणूस शांत असतो. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच, म्हणजे एक कमीच झालं. आणि निर्जीव वस्तूंना लिंग का असतं हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, कारण ते आपल्यालाही कुणी कधी समजावलेलं नाही.

सगळ्यात भारी योगायोग असा: फ्रेंचमध्ये मिशी स्त्रीलिंगी, दाढीही स्त्रीलिंगी. मराठीतही तेच. पिळदार मिशांचे मावळे आणि फ्रेंच शिलेदार या एका बाबतीत एकमताचे आहेत. चंद्रापाशी मात्र मत फुटतं. आपला पुरुष, त्यांची बाई.

आणखी एक ठिकाण जिथे आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढे आहोत. फ्रेंचमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे, एवढंच नाही, तर 'तू म्हणणे' आणि 'तुम्ही म्हणणे' यांसाठी खास क्रियापदंही आहेत. इंग्रजीत समजावायला एक अख्खं वाक्य लागतं. मराठीत? अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे. झालं.

उच्चारांत कोकणची माणसं बाजी मारतात. नाकातून जाणारे स्वर मालवणी-कोकणीत अजून टिकून आहेत, त्यामुळे 'बाँ', 'व्हाँ', 'क्वाँ' त्यांच्या तोंडी सहज बसतात. 'ह' मात्र सगळ्यांनीच विसरायचा. हॉटेलचं 'ओतेल' होतं आणि हॅरीचा 'आरी'. कोणत्याही दुकानात शिरताना आधी 'बाँज्यूर' म्हणायचं, मग भाव विचारायचा, हा नियम तर व्याकरणापेक्षा कडक.

सम्राट नापास

फ्रेंच शुद्धलेखनाची भीती वाटणाऱ्यांनी हा किस्सा फ्रिजवर चिकटवावा. १८५७ साली, असं सांगतात, फोंतेनब्लोच्या राजवाड्यात पावसाळी दिवशी करमणूक म्हणून लेखक प्रोस्पेर मेरिमे याने दरबाऱ्यांना एक उतारा लिहून घ्यायला सांगितला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या ७५ चुका झाल्या. सम्राज्ञी युजेनीच्या ६२. नामांकित लेखक धाकटा अलेक्झांद्र द्युमा, त्याच्याही २४. आणि सगळ्यात कमी चुका कुणाच्या? ऑस्ट्रियाच्या मेटर्निखच्या. अवघ्या तीन. परदेशी माणूस पहिला आला!

चुका न होतील तर नवल. 'पक्षी'चं अनेकवचन घ्या. ओ, आय, एस, ई, ए, यू, एक्स अशी सात अक्षरं लिहायची आणि म्हणायचं 'वाझो'. सातातलं एकही अक्षर आपल्या मूळ उच्चाराने ऐकू येत नाही. पाचही स्वर मात्र हजर.

पण फ्रेंच लोकांनी या छळाचा खेळ करून टाकला. १९८५ पासून वीस वर्षं बेर्नार पिव्हो नावाचा टीव्ही निवेदक देशाला श्रुतलेखन घालत होता आणि लोक घरी वही-पेन घेऊन बसत. जून २०२३ मध्ये पॅरिसच्या शाँझेलिझेवर, जिथे एरवी लष्करी संचलन होतं तिथे, शाळेची बाकं मांडली गेली आणि हजारो लोकांनी भर रस्त्यात शुद्धलेखन लिहिलं. जगभरच्या फ्रेंच मंडळांत श्रुतलेखनाच्या स्पर्धा आवडीने होतात त्या याच परंपरेतून. आपल्याकडे शुद्धलेखनाच्या स्पर्धेला इतकी गर्दी झाली तर वाहतूक वळवावी लागेल, पण ते असो.

दाण्यासाठी केक

फ्रेंच मंडळाचं वर्ष जानेवारीतल्या 'गालेत दे र्वा' या केकने सुरू होतं. पापुद्रेदार पोळी, आत बदामाचं सारण, आणि त्या सारणात दडवलेला एक दाणा. पूर्वी खरा वाल घालत, हल्ली चिनी मातीची इवलीशी बाहुली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल तो त्या दिवसाचा राजा. त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढतो. वाटणीत लबाडी होऊ नये म्हणून घरातलं सर्वांत लहान पोर टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाला हे ओरडून सांगतं. या बाहुल्या जमवणारे छांदिष्ट आहेत, त्यांच्यासाठी फ्रेंचमध्ये वेगळा शब्दही आहे.

राज्यक्रांतीच्या काळात राजाचं नाव नको म्हणून याला 'समतेचा केक' म्हणायचे. ती खोड अजून गेलेली नाही. राष्ट्रपतींच्या एलिझे राजवाड्यात दरवर्षी भलामोठा गालेत येतो, पण त्यात दाणा नसतो. प्रजासत्ताकाच्या घरात राजा निघणार कसा?

पुढचे सण भराभर. २ फेब्रुवारीला क्रेप, म्हणजे मैद्याचं पातळ धिरडं. एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने ते तव्यावरून उडवून उलटवायचं. नीट पडलं तर वर्षभर पैसा. १ एप्रिलला दुसऱ्याच्या पाठीवर कागदी मासा गुपचूप चिकटवायचा. २० मार्च हा फ्रेंचभाषकांचा दिवस. २१ जूनला संगीताचा उत्सव, ज्याला येईल त्याने रस्त्यावर वाजवावं. सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या काळात १९८२ साली तो सुरू झाला आणि आता शंभराहून अधिक देशांत होतो. १४ जुलै, फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस, तर माहीतच आहे.

खाण्यावरून एक काडी टाकून ठेवतो. क्र्वासाँ मूळचा व्हिएन्नाचा. ऑगुस्त त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्नी बेकरी काढली, तिथून हा प्रकार फोफावला. 'बागेत' हा पाव मात्र अस्सल फ्रेंच. त्याची कला २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेली.

फाल्गुनरावांचे फ्रेंच आजोबा

आलियाँसमध्ये सिनेमे दाखवतात हे ओघानेच आलं, कारण भारतात सिनेमा आणला तोच फ्रेंचांनी. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे सहा लघुपट दाखवले गेले. तिकीट एक रुपया. ते दाखवणारा मारियुस सेस्तिए खरं तर ऑस्ट्रेलियाला निघाला होता, मुंबई वाटेत लागली. हा चमत्कार पाहून एका मराठी छायाचित्रकाराने परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती चित्रित केली. ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा.

नाटकाचं नातं आणखी मजेशीर. मोलिएरने १६६० साली संशयी नवऱ्यावर 'स्गानारेल' हे प्रहसन लिहिलं आणि त्यात स्वतः कामही केलं. शंभर वर्षांनी आर्थर मर्फीने त्यावरून इंग्रजी नाटक बेतलं. ते गोविंद बल्लाळ देवलांच्या हाती पडलं, आणि तसबिरीवरून बायकोवर संशय घेणारा गडी आपल्याकडे फाल्गुनराव होऊन अवतरला. पुढे गाणी चढली आणि १९१६ मध्ये 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आलं. मोलिएरच्याच कंजुषाला आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक' केलं. इतके दिवस हे दोघे आपले नातेवाईक आहेत असंच सगळ्यांना वाटत होतं.

उलट दिशेची वाहतूकही झाली. गी दल्यूरी हे फ्रेंच जेझुइट पंढरीच्या वारीत चालले, विठ्ठल संप्रदायावर त्यांनी अभ्यासग्रंथ लिहिला आणि १९५६ मध्ये तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. गी प्वातव्हाँ तर पुण्यात आले ते इथलेच झाले. हेमा राईरकरांसोबत त्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. त्या संगणकावर नीट लावून ठेवण्यातही बेर्नार बेल या फ्रेंच संशोधकाचा हात आहे. सासुरवाशिणीने पहाटे जात्यापाशी गायलेली ओवी एका फ्रेंच माणसाच्या कॅसेटमुळे टिकावी, यावर कुणी कादंबरी का लिहिली नाही हे कळत नाही.

आणि मॉरिशस! रत्नागिरीकडून एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्यांचे वंशज घरीदारी क्रेओल बोलतात, जिचा शब्दसाठा बहुतांश फ्रेंच. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

कशाला शिकतात?

अकरावी-बारावीत मार्क मिळतात म्हणून. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जात चांगल्या फ्रेंचला ५० पर्यंत जादा गुण मिळतात म्हणून. पुण्यामुंबईच्या कंपन्यांत भाषेला पगार आहे म्हणून. काही निव्वळ हौसेने, आणि वर्गात सगळ्यात जास्त बोलतात ते हेच. मास्तर पहिल्या तासापासून फ्रेंचमध्येच बोलतात, त्यामुळे पहिला आठवडा हातवाऱ्यांवर निघतो. फ्रेंच भाषेच्या 'डेल्फ' परीक्षेत १०० पैकी ५० ला पास, पण ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येकात २५ पैकी किमान ५ हवेत. नुसत्या घोकंपट्टीवर भागत नाही ते इथेच. पहिल्या पायरीची तोंडी परीक्षा पाच-सात मिनिटांची असते. प्रमाणपत्राला मुदत नाही, जन्मभर चालतं.

ज्यांना बोलायचंच नाही त्यांच्यासाठी नायजल रिचर्ड्सचा मार्ग मोकळा आहे. या न्यूझीलंडकराला फ्रेंच येत नव्हतं. त्याने सुमारे नऊ आठवड्यांत फ्रेंच स्क्रॅबलचा शब्दकोश पाठ केला आणि २०१५ साली फ्रेंचभाषकांची जागतिक स्पर्धा जिंकली. २०१८ मध्ये पुन्हा. मंडळात स्क्रॅबलला बसलात आणि समोर असा कुणी आला, तर डाव त्याला देऊन टाका आणि गप्पा मारायला शेजारच्या टेबलावर जा.