‘चुकून लागलं’ म्हटल्याने भागत नाही

७ ऑगस्ट २०२१. टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये ऑलिंपिक कराटेची ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत रंगली होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. तेवढ्यात त्याची उंच किक इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतकी जोरात बसली, की तो जागीच बेशुद्ध पडला. त्याला ऑक्सिजनचा मास्क लावून स्ट्रेचरवरून नेलं. सौदीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण हातातोंडाशी आलेलं असताना पंचांनी हमेदीला बाद ठरवलं. गंजजादेह शुद्धीवर आला तेव्हा सुवर्णपदक त्याचं झालेलं होतं.

हा निकाल अनेकांना उफराटा वाटला, कारण समोरच्याला आडवं केलं म्हणजे जिंकलं, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. त्या स्पर्धेच्या नियमांत डोक्यावरच्या किकला ३ गुण होते, पण किक नियंत्रित हवी. हलका स्पर्श चालेल, इजा चालणार नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोत किकने नॉकआउट करणं वैध होतं, डोक्यावर ठोसा मारणं मात्र नाही. मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिन कराटेत तर अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, डोक्यावर किकही चालते. चेहऱ्यावर ठोसा मात्र वर्ज्य. त्यामुळे आपलं मूल कोणत्या नियमांनी खेळतं, हे पालकांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

‘मुद्दाम मारलं नाही, मग शिक्षा कसली?’ हा प्रश्नही नेहमीचा. हमेदीने मुद्दाम इजा केली, असं म्हणायला काहीच आधार नाही. पण कराटेचे पंच हेतूपेक्षा फटक्याचा जोर आणि त्याचा परिणाम पाहतात, आणि ते योग्यच आहे. दोष नेहमी मारणाऱ्याचाच असतो असंही नाही. स्वतःच्या बचावाकडे दुर्लक्ष करून बेधडक आत घुसणाऱ्याला कराटेत ‘मुबोबी’ची ताकीद मिळते. लागल्याचं सोंग केलं तरी शिक्षा होते.

नियंत्रण म्हणजे हळू मारणं, असं समजणाऱ्याने उलट्या हाताचा ठोसा, ‘ग्याकु-झुकी’, जवळून पाहावा. मागचा पाय जमिनीला रेटतो, कंबर फिरते, मूठ पूर्ण वेगाने सुटते आणि नेमक्या अंतरावर थांबून मागे खेचली जाते. सगळं कसब त्या अंतराच्या अंदाजात आहे. समोरचा त्याच क्षणी पुढे सरकला, तर हा अंदाज कोलमडतो. डोळ्यांनी पाहून प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. सुटलेली मूठ तोवर पोहोचलेली असते. म्हणून काळ्या पट्ट्याच्या खेळाडूकडूनही लागतं. मात्र तो समोरच्याची चाल आधीच हेरतो, सराव करताना नवख्यासमोर जोर कमी ठेवतो, त्यामुळे त्याच्याकडून क्वचित लागतं.

हेडगार्डवर तर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली जाते. त्याने कातडी फाटणं कमी होतं. पण डोकं झटक्याने फिरलं, की कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते रोखू शकत नाही. माऊथगार्ड दात वाचवतं, मेंदू नाही.

सर्वांत घातक समज म्हणजे, ‘शुद्ध हरपली नाही ना, मग काही झालेलं नाही.’ मेंदूला धक्का बसलेल्यांपैकी बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं, प्रकाश सहन न होणं ही लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. तसा संशय जरी आला, तरी त्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा लढतीला उभं करायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं, मग स्पर्धेची अंतिम फेरी का असेना.