पंचरंगी सामन्यांची पुणेरी कहाणी

कोणत्याही गोष्टीचे मूळ पुण्यात सापडले की पुणेकराला बरे वाटते. मीही त्याला अपवाद नाही. मुंबईच्या गाजलेल्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा इतिहास चाळताना असेच एक मूळ मला पूना क्लबच्या हिरवळीवर सापडले. त्याचा अभिमान धरावा की खंत, हे वाचकांनीच ठरवावे.

आजच्या मुलांना ‘पंचरंगी’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. आजोबांच्या पिढीला नुसता शब्द पुरे होता! १८९२ साली युरोपियन विरुद्ध पारशी अशी या प्रकरणाला सुरुवात झाली. पुढे वर्षाला दोन सामने ठरले. एक मुंबईत, दुसरा पुण्यात. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांच्या संघाने ते चौरंगी झाले आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू वगैरेंचा ‘रेस्ट’ हा संघ येऊन पाच रंग पुरे झाले. म्हणजे ज्याचा धर्म त्याचा संघ. पण एकाच घरात उंबरठे किती असतात, ते बाळू पालवणकरांना विचारावे.

चर्मकार समाजातला हा मुलगा पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर नोकरीला होता. रोलर ओढायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग म्हणे त्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देत! साहेबाची फलंदाजी सुधारली आणि बाळूची डावखुरी फिरकीही.

मग पुण्यातल्या हिंदू संघाला साहेबांना हरवायची हौस आली. बाळूवाचून ते जमणार नव्हते. त्याला संघात घेतले, चेंडूही त्याच्या हाती दिला. पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. न्यायमूर्ती रानडे यांनी मात्र बाळूचा जाहीर गौरव केला.

पुढे बाळू मुंबईस गेले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा संघात बाळू आणि धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. एवढे होऊनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळण्यासच नकार दिला. अखेर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघाने सामने जिंकले. त्यांना खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांत सर्व जातींचे लोक होते.

१९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या संघांना विरोध केला आणि १९४६ नंतर हे सामने कायमचे थांबले. थांबले हे बरेच झाले. पण धर्माच्या नावाने मांडलेल्या त्या डावात एका घराण्याने जातीचा डाव जिंकून दाखवला. नातवंडांना षटकार-चौकारांच्या गोष्टी सांगताना, दिवाळीच्या फराळाबरोबर त्या मातीच्या भांड्याचीही गोष्ट अवश्य सांगावी.