केमोपेक्षा घाईची प्रसूती महागात

गरोदरपणात कॅन्सर निघाला की घरात एकच प्रश्न घोळतो: केमोने बाळाच्या मेंदूचं काय होईल? म्हणून 'आधी बाळ बाहेर काढा, मग औषधं द्या' हा मार्ग सुरक्षित वाटतो. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनचे डॉ. फ्रेडरिक आमांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम नेमकं याच समजुतीला धक्का देतं. आईच्या पोटात असताना केमो मिळालेल्या 70 मुलांचा त्यांचा अभ्यास 2012 साली आला. गर्भात काढलेल्या प्रत्येक जादा महिन्यामागे बुद्ध्यंक सरासरी 11.6 गुणांनी जास्त होता. 2015 साली कॅन्सर झालेल्या मातांच्या 129 मुलांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना झाली, तेव्हा आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. मागे पडली ती मुख्यतः अपुऱ्या दिवसांची मुलं, आणि तीही दोन्ही गटांत.

2015 च्या अभ्यासातली मुलं दीड-तीन वर्षांचीच होती; एवढ्या लहान मुलाची बुद्धी काय कळणार, हा आक्षेप रास्तच आहे. सहाव्या वर्षीच्या पाहणीत भाषिक बुद्ध्यंक थोडा कमी दिसला, पण तो सर्वसाधारण मर्यादेतच होता. अर्थात केमो कधीही चालते असं मुळीच नाही. अवयव घडतात त्या पहिल्या तिमाहीत ती टाळतात, आणि आई-बाळाच्या रक्तपेशी सावराव्यात म्हणून प्रसूतीआधी सुमारे तीन आठवडे थांबवतात. या चौकटीत उपचार बसत असतील, तर निव्वळ केमोच्या धास्तीने बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन करणं मला बाळावर अन्याय वाटतो.